लेन्स आणि पक्ष्याच्या मधली हवा

मोठी टेली लेन्स (लांबचं मोठं करून दाखवणारी) घेतली की लांबचा पक्षी जवळ येतो असं सगळ्यांनाच वाटतं, आणि येतो पण, फ्रेम मस्त भरते, पण घरी येऊन स्क्रीनवर १०० टक्के मोठं करून बघावं तर पिसं गायब, सगळं लुगदी झाल्यासारखं. मग लेन्सला शिव्या, फोकस चुकतोय का ते चेक करणं, नवीन ट्रायपॉड... आणि बऱ्याचदा लेन्स बिचारी ठणठणीत असते, बिघडलेली असते ती मधली हवा.

होतं काय, ऊन चढलं की जमीन तापते, तिच्या लगतची हवा गरम होऊन वर जाते, गार हवा खाली येते, आणि या गरम-गार थरांतून येताना प्रकाश थोडा थोडा वाकतो. तापलेल्या डांबरी रस्त्यावर लांबचं सगळं थरथरताना दिसतं ना, तेच, फक्त ६०० एमएमच्या टेलीमधून ते पण मोठं होऊन येतं! शटर १/४००० सेकंद केला तरी उपयोग शून्य, कारण पक्षी हललेला नसतो, चित्रच वाकडं झालेलं असतं, ते तुम्ही फक्त गोठवता. कन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारं चित्र आणखी मोठं करणारं भिंग, लावाल तर आणखी वाईट, १.४ एक्सने एक स्टॉप जातो (म्हणजे प्रकाश निम्मा), २ एक्सने दोन, म्हणजे एफ/५.६ ची लेन्स सरळ एफ/११, आणि वर थरथर पण तेवढीच मोठी.

बरं हे फक्त उन्हाळ्यातच होतं असं पण नाही. कडाक्याच्या थंडीत उबदार गाडीच्या खिडकीतून लेन्स बाहेर काढा, गाडीतली गरम हवा लेन्ससमोरूनच बाहेर पडते, झालं! हीटर बंद करून जरा थांबायचं, लेन्स बाहेरच्या हवेइतकी गार होऊ द्यायची. आडवं पडून पक्ष्याच्या डोळ्याच्या लेव्हलला फोटो काढा असं सगळे सांगतात, मी पण सांगतो, पण नेमकी जमिनीलगतच हवा सगळ्यात खराब असते, त्यामुळे ते लोळणं सकाळी लवकर नाहीतर ढगाळ दिवशी. उशीर झालाच असेल तर लांब बर्स्ट मारायचा (बटण दाबून धरून सलग भराभर फोटो), मधे एखादी फ्रेम स्वच्छ निघते कधीकधी.

पण खरा उपाय एकच, अंतर कमी करणं, आणि इथे जुनी माणसं भारी होती. इंग्लंडमधल्या कीअर्टन भावांनी १९०० च्या सुमारास चक्क पोकळ बैल बनवून घेतला होता, आत माणूस कॅमेरा घेऊन बसणार आणि पक्ष्यांना वाटणार बैल चरतोय. अमेरिकेत जॉर्ज शिरास रात्री होडीतून हळूच हरणांपर्यंत जायचा आणि फ्लॅश मारायचा, ते फोटो १९०६ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने छापले. आपल्याला बैलात शिरायची गरज नाही, गाडी तेच काम करते, कारण बरेच प्राणी गाडीला घाबरत नाहीत, दार उघडून माणूस उतरला की पळतात. पायी असाल तर सरळ त्याच्याकडे चालत जायचं नाही, तिरकं जायचं, थांबत थांबत, टक लावून बघायचं नाही. पक्ष्याने खाणं सोडून मान ताठ केली की तिथेच बसायचं, पुन्हा खायला लागेपर्यंत हलायचं नाही, आणि घरटं असेल तर सरळ मागे फिरायचं, तो फोटो नकोच.

लँडस्केपवाले म्हणतील आम्हाला काय त्याचं. पण टेलीने लांबचे डोंगर घेता ना? तिथे दोन भानगडी एकत्र असतात, धुरकटपणा आणि थरथर. धुरकटपणा पोलरायझरने (लेन्ससमोर लावायच्या फिल्टरने) बराच कमी होतो, सूर्य तुमच्या डाव्या-उजव्या बाजूला असेल तेव्हा सगळ्यात जास्त, एडिटमधला डीहेझचा (धुरकटपणा घालवायचा) स्लायडर पण थोडी मदत करतो. थरथरीवर मात्र दोन्ही चालत नाहीत, आणि एडिटमध्ये शार्पनिंग वाढवून तर ती अजूनच उठून दिसते.

त्यामुळे ऊन चढलं की मी टेली सरळ बॅगेत टाकतो आणि मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, काढतो. कोळी, मुंग्या, पानाखालची अंडी, काय वाट्टेल ते, वीतभर अंतरात हवा थरथरून थरथरून किती थरथरणार!