काजूची धार कोण काढतंय?

श्रावण लागला की आमच्या कोल्हापुरात एक वेगळीच पंचाईत होते. घरात काय प्रॉब्लेम नसतो, पण पाहुण्याला बाहेर जेवायला न्यायचं म्हटलं की तांबडा-पांढरा बाद, आणि मग राहतं काय तर पनीर. पनीर अमकं, पनीर तमकं, आठ नावं आणि ग्रेव्ही एकच. मागच्या श्रावणात मामा-मामी कागलहून आले होते, मामांच्या डोळ्याचं चेकअप होतं, आणि डॉक्टरांनी डोळ्यात ड्रॉप घातल्यामुळं मामांना लांबचं ठीक पण जवळचं सगळं धुरकट दिसत होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण तसं नसतं तर मामांनी मेन्यूकार्ड वाचलं असतं आणि आम्ही पाचव्या मिनिटाला बाहेर असतो.

राजारामपुरीत एका गल्लीत जुन्या बंगल्याचा व्हरांडा आणि पुढची खोली मिळून पाच टेबलांचं एक रेस्टॉरंट आहे. तुर्की जेवण मिळतं आणि तेही व्हीगन. चालवणारा पोरगा आपलाच, इकडचाच, इस्तंबूलला एका हॉटेलच्या किचनमध्ये चार वर्षं काढून परत आलेला. नाव देत नाही कारण त्यानंच नको म्हटलंय, म्हणतो पाच टेबलं आहेत ताई, गर्दी झाली तर भांडी कोण घासायची.

मामी म्हणाली, "मी कुठंबी येतो की, मला काय." (आमच्याकडं बायका 'येतो-जातो'च म्हणतात, पुण्याच्या लोकांनी दचकू नये.) मामांनी फक्त एक विचारलं, "रस्सा हाय न्हवं?" मी म्हटलं आहे. सूप आहे हे काय मी सांगत बसले नाही.

आता व्हीगन म्हणजे काय हे मामांना सांगणं आलं. शब्द तसा नवाच, १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी काढला, व्हेजिटेरियनचं पुढचं टोक आणि मागचं टोक जोडून मधलं सगळं गाळून टाकलं. मी सरळ सांगितलं, मामा इथं मटण नाही, अंडं नाही, आणि दूध दही तूप ताक मध हेही नाही. मामा खुर्चीत मागं टेकले. ज्या माणसानं तरुणपणी तालमीत असताना रोज पहाटे शेर-शेर दूध रिचवलं आणि नंतर चाळीस वर्षं दारात म्हशी बांधल्या त्याला हे सांगणं म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या.

"दूध का न्हाय पण? म्हशीला काय मारत्यात व्हय?"

मी वासराच्या वाटणीचं दूध वगैरे बोलायला लागले तर मामा मधेच म्हणाले, "एक सड रेडकाला सोडायचाच. तो सोडल्याबिगर आम्ही कधी धारला बसलो न्हाय." आणि मग थोडं थांबून, "आता मशीन लावत्यात, ते कुठलं सोडतंय." एवढंच. पुढं त्यावर कुणी काय बोललं नाही, कारण तेवढ्यात काजूचं दही आलं.

हे दही ही त्या रेस्टॉरंटची शान समजायची. मला तर आधी याचीच गंमत वाटते की इंग्रजीतलं योगर्ट हा शब्द मुळात तुर्की, त्या लोकांनी जगाला दिला, ते लोक पाण्यासारखं आयरान म्हणजे ताक पितात, आणि त्याच जेवणातनं दही काढून टाकून, जिथं घरोघर गोकुळची पिशवी येते त्या गावात हा पोरगा दुकान थाटून बसलाय. धाडस म्हणा नाहीतर येडेपणा. मामीनं विचारलं हे कशाचं, पोरगा म्हणाला काजूचं, आजरा-चंदगडकडचे काजू आहेत, भिजवून वाटून आंबवलेत.

मामांना वाटी दिसत नव्हती, पण ऐकू चांगलं येत होतं. "काजूची धार कोण काढतंय गा?"

पोरगा इतका हसला की शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं वळून बघायला लागली. खरं सांगू, ते दही मला काय आवडलं नाही. वाईट नव्हतं. पण जिभेवर ठेवलं की मन लगेच खऱ्या दह्याशी तुलना करतं आणि बिचारे काजू पहिल्याच डावात चीतपट. सोयाच्या कबाबांचंही तेच, मसाला झकास, पण चावताना सारखं वाटतं की हा दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट घालून आलाय.

मग आलं सूप, मेर्जिमेक चोर्बासी. मेर्जिमेक म्हणजे मसूर, आणि चोर्बा म्हणजे आपला शोरबाच. लाल मसूर, कांदा, गाजर शिजवून घोटलेलं, वरून तापलेल्या तेलात परतलेलं भरड लाल तिखट सोडलेलं आणि लिंबाची फोड. तिकडं त्या फोडणीला बरेचदा लोणी घेतात, इथं अर्थातच तेल. मामांनी चमचा बाजूला ठेवला, वाटी तोंडाला लावली, मग पावाचे तुकडे मोडून त्यात टाकले आणि दोन मिनिटांत वाटी रिकामी करून पुढं सरकवली. "दादा, रस्सा आणा."

मला घाम फुटला. एका वाटीचे दीडशे रुपये होते आणि असल्या ठिकाणी कुणी वाढायला फिरत नाही. पण पोरगा कोल्हापूरचाच पडला, दुसरी वाटी काठोकाठ भरून आणली, बिलातही लावली नाही. बाहेरच्याला हे कळणार नाही, पण आमच्याकडं दुसऱ्यांदा रस्सा मागितला आणि वाढप्यानं तोंड वाकडं केलं तर ते हॉटेल गावात टिकत नाही.

पाठोपाठ द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या आल्या, करंगळीएवढ्या, आत भात, कांदा, बेदाणा, थोडी दालचिनी. पानं तासगावच्या एका ओळखीच्या बागेतली, ज्या दोन ओळींवर तो फवारा मारू देत नाही तिथली, असं पोरानं सांगितलं. मामी म्हणाली बया, तिकडं छाटणीत एवढा पाला बांधावर पडतोय आणि आम्ही बघत बसलोय. तिनं एक गुंडाळी ताटात उलगडून बघितली, पानाच्या शिरा कुठल्या बाजूला ठेवल्यात ते बघितलं, परत जशीच्या तशी वळली आणि मग खाल्ली. आयुष्यभर अळूवड्या करणाऱ्या बाईची तपासणी होती ती, पास झाली.

याला तुर्कीत यालान्जी म्हणतात, म्हणजे खोटारडा. असला भरलेला पदार्थ खिम्याचा असला तर तो खरा, आणि नुसता भाताचा केला तर खोटा! मला हे नाव फार आवडलं, पण पटलं नाही. कारण त्या टेबलावर सगळ्यात खरं काय लागत असेल तर ही गुंडाळीच. तिला कुणाची नक्कल करायची नव्हती. आपलं पिठलं बघा, झुणका, खर्डा-भाकरी, ती अळूवडी. कुणी झुणक्याला मटणाचा पर्याय म्हणत नाही, तो झुणका आहे, संपलं. ज्या पदार्थात दूध-मटण मुळात नव्हतंच तो निवांत असतो, आणि ज्यातनं ते काढून घेतलंय त्याच्या चेहऱ्यावर कायम काहीतरी हरवल्यासारखं. हे मी पोराला सांगितलं, म्हटलं ते दही-कबाब काढून टाक मेन्यूतनं. तो म्हणाला ताई, इन्स्टावर फोटो त्याचेच चालतात.

चि-कोफ्ते नावाचा एक प्रकार आला त्याची गोष्ट तर उलटीच. मुळात तो कच्च्या मटणाचा, तुर्कस्तानातल्या उर्फा भागातला, मटण आणि बुलगुर मसाला घालून हातानं मळत बसायचं. पण आता तिकडं दुकानात कच्च्या मटणाचा विकायला बंदी आहे, त्यामुळं गल्लोगल्ली मिळतो तो बिनमटणाचाच. बुलगुर म्हणजे गहू उकडून, वाळवून, भरडलेला, दलियाचा शिकलेला भाऊ समजा. त्यात टोमॅटोची घट्ट पेस्ट, कांदा, आणि इसोत नावाची काळपट मिरची. ही मिरची दिवसा उन्हात वाळवतात आणि रात्री गुंडाळून ठेवतात म्हणजे स्वतःच्याच घामात मुरते, वास घेतला तर धूर आणि मनुका दोन्ही येतं. तिखट म्हणाल तर आमच्या कांदा-लसूण मसाल्यापुढं बालवाडी. मळून झालं का हे बघायला म्हणे गोळा छताला फेकून मारतात, चिकटला तर झालं. मी वर बघितलं तर खरंच छतावर दोन डाग होते. लेट्यूसच्या पानात गुंडाळून, वर डाळिंबाच्या रसाचा आटवलेला आंबट पाक घालून खायचं. मामीनं पानच बाजूला ठेवलं, "ह्यो पाला कशाला, चव घालवतोय."

आणि मग वांगं. इमाम बायिल्दी, म्हणजे इमाम बेशुद्ध पडला. का पडला यावर दोन मतं, एक म्हणजे चव घेऊन पडला आणि दुसरं म्हणजे बायकोनं किती ऑलिव्ह तेल ओतलं ते ऐकून पडला. अख्खं वांगं, पोट फाडून आत कांदा, लसूण, टोमॅटो भरलेलं, तेलात मऊ मऊ शिजलेलं, आणि मुख्य म्हणजे गार. मामांनी बोट लावून बघितलं. "गार हाय. गरम करून आण म्हणावं."

पोरगा समजावायला आला की ऑलिव्ह तेलातल्या भाज्यांचा तिकडं वेगळा वर्गच आहे, झेतिनयाली म्हणतात, त्या शिजवून गार करूनच खातात, मुरल्या की चव येते. मामा बहुतेक ऐकणार नव्हते, पण मामी म्हणाली, "आवो, शिळं वांगं." बास. रात्रीचं भरलं वांगं सकाळी गार भाकरीबरोबर, तेल कडंला आलेलं, मसाला पार आतपर्यंत गेलेला, हे ज्यानं खाल्लंय त्याला पुढं काही समजवावं लागत नाही. मामांनी अर्धं वांगं एकट्यानं संपवलं आणि बोटं चाटत म्हणाले, "भाकरी पायजे हुती." वांगंही तसं इकडूनच तिकडं गेलेलं, नाव बदलत बदलत पार तिकडं पात्लिजान झालंय. आणि मिरची म्हणाल तर ती दोघांकडंही अमेरिकेतनं आलेली पाहुणी, आम्ही मात्र ती आमच्याच मातीत जन्मल्यासारखं वागतो.

या सगळ्यात मामांचं लक्ष समोरच्या भिंतीवर होतं. ताट दिसत नव्हतं पण लांबचा फोटो स्वच्छ दिसत होता. हिरव्या गवतावर दोन उघडे गडी, अंगावरनं तेल निथळतंय, खाली गुडघ्यापर्यंत काळी कातडी चड्डी, एकमेकांत गुंतलेले.

"ते कोण पैलवान?"

"पेहलिवानच म्हणतात तिथं," पोरगा म्हणाला, आणि मामा खुर्चीत सरळ झाले. मग तासभर मला आणि मामीला कुणी विचारलंच नाही. एदिर्ने गावाजवळ किर्कपिनारची कुस्ती, दर उन्हाळ्यात, २०१० साली युनेस्कोच्या यादीत गेली, अंगभर ऑलिव्ह तेल ओतून घेतात, मैदानालाही मेयदानच म्हणतात, आणि सलग तीन वर्षं जिंकला तर सोन्याचा पट्टा कायमचा त्याचा. मामांना एकच गोष्ट पटेना. "तेल लावल्यावर पकड कशी बसायची? आमी माती लावतोय ती पकड बसावी म्हणून." पोरानं सांगितलं त्या कातडी चड्डीत हात घालून धरतात, तो डावच आहे. मामा बराच वेळ गप्प राहिले, बहुतेक मनातल्या मनात कुस्ती लावून बघत होते. मग म्हणाले, खासबागेच्या कुस्ती मैदानात हे चालायचं न्हाय, पण गडी जोरदार हायत.

त्यावरून आखाड्याच्या मातीचा विषय निघाला, त्यात तेल, हळद, लिंबू, कापूर आणि पिंपभर ताक कसं घालतात ते मामांनी हातवारे करून सांगितलं, आणि पोरगा एकदम म्हणाला, "म्हणजे मामा, तुमची माती व्हीगन नाही." यावर मामा जे हसले, त्यांना ठसकाच लागला.

शेवटी चहा. कंबर बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात, लालभडक, बिनदुधाचा. तुर्की माणूस वर्षाला तीन किलोच्या वर चहा पावडर संपवतो, चहात जगात त्यांचा नंबर पहिला. मामांच्या लेखी मात्र कोरा चहा म्हणजे दूध नासलं नाहीतर पोट बिघडलं. तरी प्याले, साखरेचे तीन खडे टाकून. उठताना पोरानं शिकवलं, तिकडं जेवण आवडलं की 'एलिनिझे साअलिक' म्हणतात, म्हणजे तुमच्या हातांना आरोग्य लाभो. मामी म्हणाली ते मला काय जमत न्हाय, आणि तिनं सरळ आत किचनमध्ये जाऊन वांगं भरणाऱ्या मावशींचा हात हातात घेतला, काय बोलल्या कुणास ठाऊक, बाहेर आली तेव्हा पिशवीत दोन इमाम बांधून घेतलेले.

साडेनऊ वाजले होते. गाडी स्टेशन रोडला वळवणार तेवढ्यात मामा म्हणाले, गंगावेशीतनं घे. मी म्हटलं मामा, ते उलटं पडतंय. "घे गं."

तिथल्या दूध कट्ट्यावर, जिथं समोरच धार काढून ताजं दूध देतात, दोन म्हशी बांधलेल्या होत्या, गवळी चरवी गुडघ्यात धरून बसलेला. मामा गाडीतनं उतरले, म्हशीच्या पाठीवर थाप मारली, आणि फेसाळ ग्लास उभ्याउभ्या एका दमात प्याले. मिशीला फेस तसाच. दुसरा ग्लास मागवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "जेवण झ्याक होतं त्या पोराचं. पर पोटाला कळाय नको व्हय, जेवलोय म्हणून."