तुम्ही विचारलंत म्हणून : मी मुलांना साचा का देत नाही

शाळेच्या गॅदरिंगला मुलांची मातीकामं मांडली की कुणीतरी पालक हमखास विचारतात, "बाई, तुम्ही मुलांना साचे का देत नाही?" प्रश्नामागचं कारण मला कळतं. गणपतीच्या आधी ठिकठिकाणी शाडूच्या कार्यशाळा होतात, तिथून मूल दोन तासांत सुबक मूर्ती घेऊन घरी येतं. आणि माझ्या नववीच्या वर्गातली भांडी बघावीत तर कुणाचा काठ वर-खाली, कुणाची तोटी एका अंगाला झुकलेली.

साच्यात आकार कसा असावा, तोल कुठे साधावा, हे साचा करणाऱ्याने ठरवून टाकलेलं असतं. शिवाय प्लॅस्टरचा साचा मातीतलं पाणी शोषतो आणि माती आवळेपर्यंत तिला धरून ठेवतो. म्हणजे ओली माती स्वतःच्या वजनाने बसते, हे मुलाला कधी दिसतच नाही. पेणच्या कारागिरांचा मला मनापासून आदर आहे. साच्यातून मूर्ती निघाल्यावर जोडकाम, सफाई, रंग आणि डोळ्यांची आखणी यांत त्यांची वर्षानुवर्षांची साधना असते. पण साच्यात नुसती माती दाबण्याएवढंच काम मुलाच्या वाट्याला आलं, तर त्यात त्या मुलाचं काय उरतं?

आमच्याकडे माती कुंभारवाड्यातून येते. ती वाळवून, कुटून, चाळून भिजत घालायची, मळायची आणि त्यात खापराचा बारीक भुगा मिसळायचा. भुग्याने माती कमी आटते आणि तडेही कमी जातात. मग प्रत्येकाने एक पट्टी थापून तिच्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढायची. पट्टी सुकली की रेघ पुन्हा मोजायची. ती साधारण ९ ते ९.५ सेंटीमीटर भरते. आपण काहीच न करता वस्तू लहान झाली, हे स्वतः मोजून पाहिलेली मुलं पुढे तोटी आणि भांडं यांच्या ओलीकडे आपणहून लक्ष देतात. कारण ओली तोटी सुकत आलेल्या भांड्याला चिकटवली, तर दोघांचं आटणं जुळत नाही आणि सांधा सुटतो.

तोटीचंच भांडं का, तर त्यालाही कारण आहे. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून ज्या संस्कृतीला नाव मिळालं, तिची तांबडी, काळ्या रेषांची तोटीवाली भांडी तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात अशी भांडी सापडली आणि ती भाजण्याची भट्टीही मिळाली. ती नाजूक भांडी चाकावरची होती. धान्य साठवायचे मोठे रांजण मात्र हातानेच घडवलेले असत आणि त्यांच्यावर कुठे कुठे बोटांच्या ठशांची नक्षी दिसते. आमच्याकडे चाक नाही, म्हणून आम्ही वळ्या रचून भांडं चढवतो. वळ्या आतून पुसून एकजीव करायच्या, दोन-तीन वळ्या झाल्या की थांबायचं, माती जरा आवळू द्यायची, मग पुढची वळी. घाई केली की पोट फुगतं आणि भांडं बसतं. मी ते सावरून देत नाही. कुठे बसलं ते मूल बघतं आणि तिथून पुन्हा चढवतं. तुम्हाला प्रदर्शनात दिसणारा तिरकेपणा बहुतेक वेळा अशाच एखाद्या दुरुस्तीचा असतो, आणि ती दुरुस्ती मुलानेच केलेली असते.

शाळेत भट्टी नाही. संक्रांतीच्या सुगडांचा आवा, म्हणजे कुंभाराची उघड्यावरची भट्टी, लागते, त्यात आमच्या गावातले कुंभारकाका मुलांची भांडी घेतात. ते आधी प्रत्येक भांडं हातात घेऊन बुडाची जाडी चाचपतात. मातीत हवा राहिली की भांडं फुटतं, असं सर्रास सांगितलं जातं. पण मुख्य दोष ओलाव्याचा असतो. जाड बूड वरून सुकल्यासारखं दिसतं, आत ओल राहते, आणि आच वाढली की त्या पाण्याची वाफ होऊन बुडाचे तुकडे उडतात. म्हणून बूड करंगळीपेक्षा जाड नको, आणि सुकवायचं ते सावलीत, फडक्याखाली. ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या घडणीतलंच पाणी निघून जातं. त्यानंतर ती कितीही भिजवा, तिचा पुन्हा चिखल होत नाही. रसायनशास्त्राच्या तासाला हे कुणी विचारत नसेल, पण आव्याजवळ उभं राहिल्यावर मुलं विचारतात.

काही भांडी फुटतात. त्यांची खापरं आम्ही टाकत नाही, कुटून पुढच्या वर्षीच्या मातीसाठी भुगा करतो.

गुणांचं विचाराल, तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मातीकामाचा पेपर नाही. तरी वस्तुचित्रात तांब्याचं तोंड काढताना हीच मुलं लंबवर्तुळ चुकत नाहीत, असं मी पाहत आले आहे. तेवढ्यासाठी मात्र मी मातीकाम घेत नाही.

आणि साच्याशी माझं वैर नाही. वर्षाच्या शेवटी मी साचा घेते, पण तो मुलांनी करायचा. आधी मातीच्या फरशीवर स्वतःची नक्षी उठवायची, तिच्यावर प्लॅस्टर ओतायचं, ते घट्ट झालं की खालची माती काढून टाकायची आणि त्या साच्यात नवी फरशी दाबायची. नक्षीत आतल्या बाजूला वळलेली खाच राहिली, तर फरशी साच्यात अडकून बसते. अशी अडकलेली फरशी घेऊन मूल माझ्याकडे येतं, तेव्हा खाच कुठे आहे ते त्याला बहुधा माझ्याआधीच सापडलेलं असतं. यंदाच्या प्रदर्शनात फरशांशेजारी ते साचेही मांडायचं ठरवलं आहे. या, आणि कुठला साचा कुणाचा ते मुलांनाच विचारा.