तुम्ही विचारलंत म्हणून : परसबागेच्या शिबिराला अख्खे घर कशासाठी?

गावात परसबागेचे शिबिर ठरले की एक प्रश्न हमखास येतो. बचत गटातल्या बायकांना शिकवले की काम भागते, मग त्यांचे नवरे, सासवा आणि पोरे यांना कशाला बोलावता? प्रश्न रास्त आहे, कारण शिबिरासाठी पुरुषाचा रोज बुडतो आणि तो कोणी भरून देत नाही. तरीही मी हा आग्रह सोडत नाही.

महाराष्ट्रात ‘उमेद’ या सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने महिला बचत गटांच्या बळावर पोषण परसबागा गावोगावी पोहोचवल्या, आणि त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र बियाणे हातात पडल्यानंतर बाग टिकवायला ज्या गोष्टी लागतात, त्यांतल्या बऱ्याचशा घरातल्या सुनेच्या एकटीच्या हातात नसतात. तिला एकटीलाच शिकवले, तर आधीच कामाने वाकलेल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम चढते.

पाण्याचेच पाहा. होळीनंतर विहिरी खाली जातात आणि लांबून आणलेला हंडा वाफ्यात ओतण्याचे धाडस कोणतीच गृहिणी करणार नाही. तेव्हा बाग जगते ती न्हाणीच्या आणि मोरीच्या पाण्यावर. हे पाणी वाळू आणि विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यातून जिरवत केळी, पपई यांच्या आळ्यांपर्यंत न्यायचे, साबणाचे पाणी पालेभाजीवर थेट सोडायचे नाही, आणि त्यासाठी अंगणाचा उतार पाहून चर खणायचा, हे सगळे घरातल्या धडधाकट माणसांनी मिळून करायचे काम आहे. कुंपणाचेही तसेच आहे. काट्यांची वई नीट घातली नाही, तर शेजारची एक शेळी महिन्याभराची मेहनत तासाभरात फस्त करते. वई भक्कम असली तर तिच्यावरच वाल, दोडका, कारले चढवता येतात.

फळझाडांचा मुद्दा याहून नाजूक आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. मेथी महिन्याभरात काढता येते, त्यामुळे ती लावताना सून कोणाला विचारत बसत नाही. पण कागदी लिंबाला फळ धरायला निदान तीन-चार वर्षे लागतात, शेवगा तर वर्षानुवर्षे जागा अडवून उभा राहतो, आणि घरामागची जागा पुष्कळदा भावाभावांत वाटून झालेली नसते. अशा जागेत कायमचे झाड लावणे म्हणजे हक्क सांगणे, असा अर्थ भाऊबंद काढतात. म्हणूनच एकट्या बायकांच्या शिबिरानंतर पालेभाजी वाढते आणि फळझाड मात्र लागत नाही, असे मला वारंवार दिसले आहे. दीर आणि सासरे समोर बसलेले असले की झाड कुठे लावायचे आणि फळ कोणी खायचे, याचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

सासूला मी बोलावतो ते तिला शिकवण्यासाठी नव्हे, तर तिच्याकडून शिकण्यासाठी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणे जपण्याच्या कामासाठी. निरोगी वेलावरच्या चांगल्या शेंगा बियांसाठी राखायच्या, त्या वेलावरच वाळू द्यायच्या आणि दाणे राखेत घोळून ठेवायचे, हे ज्ञान अजूनही पुष्कळ घरांतल्या म्हाताऱ्यांपाशी आहे. पाकिटातल्या संकरित बियाण्याची पुढची पिढी मूळ झाडासारखी निघत नाही, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. राखलेल्या गावरान बियाण्याला तो खर्च नाही.

राहिली मुले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने रोज निदान 400 ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत असे सांगते, आणि खाण्याची ही सवय लहानपणीच लागते. मधोमध खताचा खड्डा आणि भोवती आठवड्याच्या सात दिवसांचे सात वाफे अशी गोल बाग आम्ही आखतो, तेव्हा त्यातला एक वाफा पोरांच्या नावाने सोडतो. तिथे मुळा आणि मेथी पेरतो, कारण दोन्ही चार-पाच दिवसांत उगवतात आणि मुलांचा धीर सुटत नाही. एरवी ताटातली मेथी बाजूला सारणारी मुले स्वतः उपटलेली मेथी खातात, हे त्यांच्या आयांनीच मला सांगितले आहे.

बुडणाऱ्या रोजावर माझ्यापाशी पूर्ण तोड नाही. शक्य तेवढी सोय म्हणून शिबिर मृगाआधी, शेतीची घाई सुरू होण्यापूर्वी घेतो, बाजाराचा दिवस टाळतो आणि सकाळी लवकर सुरू करून दुपारच्या आत संपवतो. एकटी आलेली बाई अर्थातच परत जात नाही. तिच्या घरी नंतर एखाद्या संध्याकाळी, सगळी माणसे परतल्यावर, आम्हीच जातो आणि मोरीच्या चराची आखणी त्यांच्यासमोर करतो.