टिंबाच्या अलीकडे-पलीकडे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मैदान, घंटा, सहली आणि स्नेहसंमेलनांच्या आठवणी भरपूर येतील. त्या इतरांवर सोपवतो. मला लिहायचं आहे ते फळ्यावरच्या एका साध्या गणिताबद्दल, दशांश अपूर्णांकांच्या वजाबाकीबद्दल, आणि त्यातही वरचा अंक लहान व खालचा मोठा असतो त्या प्रकाराबद्दल. शाळेने हा प्रकार ज्या क्रमाने शिकवला त्याहून चांगला क्रम मला अजून सापडलेला नाही. घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना तो कामाला यावा.

पूर्ण संख्यांची वजाबाकी येणाऱ्या मुलाला इथे नवं असं काहीच शिकायचं नसतं. एक दशक सुटा केला की दहा एकक मिळतात, तसाच एक एकक सुटा केला की दहा दशांश आणि एक दशांश सुटा केला की दहा शतांश. दहाचा हा नियम टिंबापाशी थांबत नाही. मुलं मात्र तिथे थांबतात. टिंबाच्या उजवीकडे एक गणित आणि डावीकडे दुसरं, अशी दोन वेगळी गणितं ती सोडवू लागतात. बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

६.३२ − २.५८ घ्या. शतांशस्थानी २ मधून ८ जात नाहीत. वरच्या ३ दशांशांपैकी एक सुटा करायचा. त्याचे दहा शतांश, आधीचे दोन, मिळून १२. बारातून आठ गेले, चार राहिले. दशांशस्थानी आता ३ नाही, २ आहेत, आणि त्यातून ५ जात नाहीत. म्हणून टिंब ओलांडून एककाकडे जायचं. सहातला एक सुटा केला, दहा दशांश आले, दोन होतेच, १२ झाले. बारातून पाच गेले, सात राहिले. एककात पाचातून दोन गेले, तीन. उत्तर ३.७४. ताळा: ३.७४ + २.५८ = ६.३२. ज्याचं उत्तर ४.२६ येतं त्याने प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान वजा केलेलं असतं, वर कोण आणि खाली कोण हे न पाहता. त्याला पुन्हा पाढे म्हणायला लावून काही उपयोग नाही.

त्याच्यासाठी कागद आणि कात्री हवी. दहा बाय दहा चौकटींचा एक चौरस म्हणजे १, त्याची एक उभी पट्टी म्हणजे एक दशांश, एक बारीक चौकट म्हणजे एक शतांश. १.२ − ०.४७ करायचं तर समोर एक चौरस आणि दोन पट्ट्या ठेवा. सात चौकटी काढायला सांगितल्या की मूल अडतं, कारण सुट्या चौकटी नाहीतच. मग एक पट्टी कापायची, दहा चौकटी होतात, सात उचलल्या की तीन उरतात. आता चार पट्ट्या हव्यात आणि आहे एकच. चौरस कापून दहा पट्ट्या केल्या की अकरा होतात. चार उचलल्या, सात राहिल्या. उत्तर ०.७३. १.२ च्या पुढे शून्य लिहून १.२० का करतात, हेही इथेच हातात येतं: सुट्या चौकटी शून्य आहेत, एवढंच ते शून्य सांगतं. ते न लिहिणारी मुलं ३.६ − १.२५ मध्ये ५ जसाच्या तसा खाली उतरवतात आणि २.४५ लिहून मोकळी होतात. खरं उत्तर २.३५.

मांडणीबद्दल थोडं. अंक उजव्या कडेला जुळवायची सवय पूर्ण संख्यांमुळे लागलेली असते; इथे टिंबाखाली टिंब आलं पाहिजे. ७ − २.४५ मध्ये ७ ला टिंबच दिसत नाही, म्हणून तो ५ च्या डोक्यावर जाऊन बसतो. आधी ७.०० लिहायचं, मगच वजाबाकीची रेघ मारायची. चौकटीच्या वहीत एका घरात एक अंक, टिंब दोन घरांच्या मधल्या रेघेवर, आणि गणिताच्या वर एक ओळ कोरी. खोडलेल्या अंकाची नवी किंमत त्या ओळीत लिहायची. अंकावरच गिरवलं की ३ चा ८ होतो. सुरुवातीला स्तंभांच्या डोक्यावर ए, द, श (एकक, दशांश, शतांश) अशी अक्षरं घालावीत. (१५८५ साली गणिती सायमन स्टेव्हिन यांनी दशांश अपूर्णांकांवर पुस्तिका काढली तेव्हा त्यांच्या मांडणीत टिंब नव्हतंच. अंकांजवळ वर्तुळात ०, १, २, ३ लिहून स्थान दाखवलेलं असे. नवशिक्याला ती पद्धत वाईट नाही.)

वाचनही जपायला हवं. ३.२५ ला ‘तीन पॉइंट पंचवीस’ म्हटलं की कानाला पंचवीस हा सहापेक्षा मोठा वाटतो, आणि ३.६ पेक्षा ३.२५ मोठी ठरवून मूल वजाबाकीच उलटी मांडतं. ‘तीन पॉइंट दोन पाच’ असं सुटं वाचलं की हा गोंधळ बराच कमी होतो.

खरी परीक्षा मधल्या शून्यांची. ५.००३ − २.७६८. तीनातून आठ जात नाहीत, शेजारी शून्य, त्याच्या शेजारीही शून्य. ५ पर्यंत जाऊन एक एकक सुटा करावा लागतो. दशांश १० झाले. त्यातला एक शतांशांना दिला, ९ उरले. शतांश १० झाले. त्यातला एक सहस्रांशांना दिला, तिथेही ९. सहस्रांश १३. म्हणजे ५.००३ आता ४ + ०.९ + ०.०९ + ०.०१३ असं उभं आहे. बेरीज करून पाहा, तेवढंच भरतं. उत्तर २.२३५. ज्याला २.३४५ मिळालं त्याने दोन्ही शून्यांचे दहा केले, पण पुढे एक-एक दिल्यावर नऊ करायला तो विसरला. फरक ०.११, म्हणजे एक दशांश आणि एक शतांश, नेमके न वजा झालेले. उत्तराकडे पाहून चूक कुठे झाली ते असं सांगता येतं, म्हणून नुसती फुली मारून वही परत करणं मला पटत नाही.

पूर्ण संख्येतून वजा करताना शून्यांची ही रांग टाळताही येते. ७ − २.४५८ साठी ६.९९९ मधून २.४५८ वजा करा. सुटं करायची गरजच पडत नाही, ४.५४१ येतात. बाजूला ठेवलेला ०.००१ मिळवला की ४.५४२. पण ही युक्ती नेहमीची रीत पक्की झाल्यावर द्यावी. आधी दिली तर मुलं ५.००३ लाही ती जशीच्या तशी लावतात आणि मधला ०.००३ विसरतात.

सरावाचा क्रम असा: सुटं करावं न लागणारी ४.८६ − २.५३, मग फक्त दशांश सुटा करायचा ४.८३ − २.५७, मग फक्त टिंब ओलांडणारी ४.३६ − २.८१. या तिसऱ्यावर सगळ्यांत जास्त वेळ द्यावा. दोन्ही एकत्र येणारी, असमान लांबीची आणि शून्यांची उदाहरणं त्यानंतर.

आणि टिंब दिसलं म्हणजे दशांशच असं नाही. घड्याळाची वेळ ५.२० अशी लिहिलेली असेल तर त्यातून २ तास ४५ मिनिटं वजा करताना एक तास सुटा केल्यावर दहा नाही, साठ मिनिटं मिळतात. उत्तर २ वाजून ३५ मिनिटं. दशांशाची रीत लावणाऱ्याला २.७५ मिळतील.