शेवटची आठ पानं

गोव्यातल्या आमच्यासारख्या घरांत भांडण कोंकणीत होतं, आरती मराठीत म्हणतात आणि भीती दोन्ही भाषांत वाटून घेतलेली असते. गावातलं भूत कोंकणी बोलतं, पुस्तकातलं मराठी. गावातल्याला आम्ही फारसं भीत नाही. त्याची हद्द ठरलेली असते, वाट ठरलेली असते, वर्षाचा रोट दिला की ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. पुस्तकातल्याशी मात्र आपलं काही देणंघेणं नसतं. तरीही रात्री अकरा वाजता, डिचोलीजवळच्या आमच्या घरात, माजघरातून न्हाणीकडे जाणाऱ्या बोळात ते हमखास उभं असतं. मी पुण्याचे भयकथाकार नारायण धारप यांच्या भुतांबद्दल बोलतेय, हे ज्यांना कळायचं त्यांना एव्हाना कळलंच असेल.

सासऱ्यांची एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर आहे. ते शाळामास्तर. वर्गात ज्ञानेश्वरी आणि घरी धारप, अशी त्यांची विभागणी होती. ट्रंकेत पस्तीस-चाळीस पुस्तकं असतील. काहींची मुखपृष्ठं गेलीत, काहींना पिठाच्या खळीने पुठ्ठे चिकटवलेत, आणि ती खळ खायला आलेल्या वाळवीने जाताजाता थोडं साहित्यही खाल्लंय. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी सगळे जमले की ही ट्रंक खाली उतरते. का उतरते, ते विचारू नका. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला, बांधायची दोरी त्याच माळ्यावर असते, हे एक निमित्त.

ट्रंक उतरली की वाद आलाच. धारपांचं सगळ्यात चांगलं पुस्तक कुठलं आणि सगळ्यात टाकाऊ कुठलं? पंचवीसहून जास्त वर्षं मी हा वाद ऐकतेय. तो मिटत नाही, कारण माणसाने शंभराहून जास्त पुस्तकं लिहून ठेवलीत आणि आमच्यापैकी एकानेही ती सगळी वाचलेली नाहीत. कोंडीत सापडलेला माणूस सरळ तिसऱ्याच पुस्तकाचं नाव घेतो आणि म्हणतो, ते वाचलंयस का, मग बोलू नकोस.

थोरल्या भावोजींकडे या वादातलं एक माप आहे. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल पडला, तेव्हा ते म्हापशाला मामांकडे राहून पणजीला कॉलेजात जात होते. पूल गेल्यावर बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी ही लांबच लांब रांग. त्या रांगेत, छत्री मानेत अडकवून, भावोजींनी धारप वाचले. पुस्तकात डोकं घालून उभे राहायचे, मागचे लोक पुढे सरकायचे आणि फेरी निघून जायची. तेव्हापासून त्यांच्या लेखी धारपांचं पुस्तक एक फेरीचं, दोन फेऱ्यांचं किंवा तीन फेऱ्यांचं असतं. तीन फेऱ्या चुकल्या तर पुस्तक थोर. आणि टाकाऊ? "फेरी दिसल्यावर मी धावत सुटलो तर ते टाकाऊ." समीक्षेची याहून सोपी पद्धत मला तरी माहीत नाही. आमच्या घरात आता हॉटेल, सिनेमा, लग्नातलं जेवण, सगळंच फेऱ्यांत मोजतात.

भावोजी समर्थवाले. धारपांचे समर्थ म्हणजे अमानवी संकटात सापडलेल्यांच्या मदतीला येणारा, मंत्रसामर्थ्य असलेला शांत गृहस्थ, आणि त्यांच्यासोबत आप्पा जोशी. समर्थ आले की वाचणाऱ्याचे खांदे सैल होतात. भावोजींच्या मते तीन फेऱ्यांची सगळी पुस्तकं समर्थांचीच आहेत.

माझा नवरा कट्टर विरोधक. त्याचं म्हणणं, समर्थांचं नाव आलं की भीती तिथेच संपते. मग उरलेली पानं म्हणजे डॉक्टर आल्यावरचा ताप, आता नुसता उतरायचा. त्याला 'लुचाई' ही कादंबरी आवडते. त्यात संकट सावकाश पसरतं आणि लवकर कुणी येत नाही, म्हणून.

मी कुणाच्या बाजूने, हे मला बरीच वर्षं ठरवता आलं नाही. त्याला दोन कारणं आहेत आणि ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

पहिलं कारण लग्नानंतरच्या पहिल्या पावसातलं. मी मडगावची, फ्लॅटमध्ये वाढलेली. भुताखेतांशी माझा संबंध वाचनालयाच्या वर्गणीपुरता. इथे सासरी पहिल्यांदाच एकटी झोपले होते, नवरा कामानिमित्त बाहेरगावी होता, आणि उशाशी ट्रंकेतलं एक पुस्तक घेण्याचा शहाणपणा मी केला होता. मध्यरात्रीनंतर कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, बाजूने आवाज आला. टक. मग थोड्या वेळाने, जरा पुढून, पुन्हा टक. दगडावर काठी टेकावी तसा. मी पांघरुणासकट सासूबाईंच्या खोलीत. त्या अर्धवट झोपेत होत्या. म्हणाल्या, "भियेनाका गो, तो आमचोच."

आमचोच म्हणजे देवचार. गावाचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, तोंडात विडी, असा तो रात्री हद्दीवरून फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो, असं इथले लोक सांगतात. त्याला रोट देतात, विडी देतात, सोरो म्हणजे दारू देतात. देवाला नेवऱ्या आणि राखणदाराला सोरो, ही वाटणी मला फार माणसाळलेली वाटते. आता आवाज काठीचा होता की पोफळीवरून पडलेल्या सुपाऱ्यांचा, हे मी कधी तपासलं नाही. तपासायची गरजच उरली नाही. सासूबाई कूस बदलून घोरायला लागल्या आणि त्यांच्या पायाशी मीही झोपले. त्या रात्री मला समर्थ कळले. धारपांनी ते कुठून घेतले ते धारप जाणोत. मला तरी ते आमच्या देवचाराचे शिकलेले, धोतर नेसणारे भाऊ वाटतात. विडी तेवढी सुटलेली.

(गावाबाहेरचा अर्धा डोंगर पुढे लोखंडाच्या खाणीत गेला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पण गेलेला डोंगर काही परत आला नाही. सासूबाई मध्येच विचारायच्या, आता तो फेरी कुठून मारत असेल? या प्रश्नावर एक कादंबरी व्हायला हवी होती. ट्रंकेत ती नाही.)

दुसरं कारण त्याच ट्रंकेतलं. एक कादंबरी होती, नाव सांगत नाही, सांगितलं तर इथेही वाद सुरू होईल. वाळवीने तिची शेवटची आठ पानं खाल्ली होती. म्हणजे माणसं घरात अडकलीत, दार आतून बंद आहे, बाहेरचं जे काही आहे ते आता बाहेर राहिलेलं नाही हे एकाच्या लक्षात आलंय, आणि तो वळून बघतो. बस. त्यापुढे पुठ्ठा. आणि पुठ्ठ्यावर सासऱ्यांच्या अक्षरात वाण्याचा हिशेब, त्यात गूळ दोन किलो.

वीसेक वर्षं मी शपथेवर सांगत होते, धारपांचं सर्वोत्तम पुस्तक हेच. पाच फेऱ्यांचं. मला त्या माणसाला काय दिसलं याची रात्र-रात्र उत्तरं सुचायची. भांडी घासताना सुचायची. मग छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तकं नव्याने काढली, त्यात पणजीच्या एका दुकानात मला ही दिसली. कोरी, स्वच्छ, शेवटासकट. मी दुकानातच शेवटची आठ पानं उघडली. सगळं आवरलं होतं. कोण होतं, कशासाठी आलं होतं, कशाने गेलं, सगळ्याचा खुलासा, आणि वाचलेली माणसं सकाळी चहा घेतायत. पानं संपत आली म्हणून भूत मेलं, असं मला वाटलं. भरभर लिहिणाऱ्या लेखकाचा हा दोष असतोच. शंभर दारं उघडायची तर काही धाडकन लावावी लागतात. पण मी तेव्हा हा विचार केला नाही. मी पैसे दिले, पुस्तक घरी आणलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं. माझ्या यादीत सर्वोत्तम आणि टाकाऊ या दोन्ही जागांवर आता एकच कादंबरी आहे, आणि हे मी आमच्या चवथीच्या सभेत कधी कबूल केलेलं नाही.

तर २०२४ ची चवथ. सप्टेंबरचा पाऊस, घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती नुकतीच आटपलेली, घुमटाचा नाद अजून कानांत, आणि वीज गेली. समईच्या उजेडात ट्रंक उघडली. या वेळी माझा लेकही वादात उतरला. तो बेंगळुरूला असतो आणि अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंग इंग्रजीतून वाचतो. त्याने आल्या आल्या बॉम्ब टाकला, "तुमची 'शपथ' म्हणजे किंगची 'इट', १९८६. 'लुचाई' म्हणजे 'सालेम्स लॉट', १९७५. त्याच्यात मेन राज्यातलं गाव आहे, तुमच्यात इथलं. कसले श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवताय? आधी मूळ वाचा."

नवऱ्याला हे माहीत होतं, पण मुलाच्या तोंडून ऐकणं वेगळं. "आम्हाला बेतीच्या रांगेत कोण देणार होतं रे किंग?" भावोजींनी त्याच्या वतीने उत्तर दिलं. समर्थवाले आणि लुचाईवाले एका बाजूला आलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

सासूबाई तिथेच पातोळ्यांची हळदीची पानं सोडवत बसल्या होत्या. त्यांनी धारप कधी वाचले नाहीत, सासरे मोठ्याने वाचायचे तेवढे ऐकले. म्हणाल्या, खतखत्यातल्या, म्हणजे मिसळीच्या भाजीतल्या, भाज्या कुणाच्या का मळ्यातल्या असेनात, तिरफळं घातल्यावरच त्याला खतखतें म्हणायचं. लेक म्हणाला, आजी, मळेवाल्याला विचारावं तरी. त्यावर त्या म्हणाल्या, "तें खरें." माझंही मत थोडंफार तसंच. देवघर, सोवळं, वाड्यातली म्हातारी, रॉकेलच्या चिमणीचा उजेड, हे धारपांचं स्वतःचं आहे, आणि आम्हाला झोप लागली नाही ती त्याच्यामुळे. पण लेक म्हणतो तेही खोटं नाही, आणि धारपांचे चाहते या मुद्द्यावर जरा जास्तच घाईने विषय बदलतात.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात 'तुंबाड' पुन्हा थिएटरात लागायचा होता, १३ तारखेला, आणि लेकाने तिकिटं काढून ठेवली होती. २०१८ मध्ये आला तेव्हा फारसा चालला नव्हता, या खेपेला मात्र त्याने पहिल्यापेक्षा जास्त कमावलं. त्यातली ती भयानक म्हातारी धारपांच्या 'आजी' कथेतून आलेली, आणि धारपांची 'आजी' किंगच्या 'ग्रॅमा'मधून. हे लेकानेच सांगितलं, आणि सांगतासांगता थांबला. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी पुण्यावरून कोकणात गेली आणि मग आम्ही तिला बघायला तिकिटं काढली. धारप १९२५ चे, २००८ मध्ये गेले. त्यांनी हे पाहिलं असतं तर?

"आणि किंगचं सगळ्यात वाईट कुठलं?" नवऱ्याने सूड घेतला.

"टॉमीनॉकर्स," लेक म्हणाला. "ते भयंकर वाईट आहे हे त्यानेच सांगितलंय, २०१४ च्या मुलाखतीत. आणि 'कुजो' तर लिहिल्याचंच त्याला धड आठवत नाही. तेव्हा तो इतका प्यायचा."

सगळे जरा गप्प झाले. लेखकच यादी करायला बसला तर आम्ही काय करायचं? भावोजींना हे आवडलं नाही. म्हणाले, लेखकाला काय कळतंय, तो काय फेरीच्या रांगेत उभा होता?

झोपायच्या वेळी लेकाने ट्रंकेतून एक पुस्तक उचललं. कुठलं, ते तुम्ही ओळखलंच असेल. मोबाईलच्या उजेडात वाचत बसला. सकाळी वीज आली होती, तो मात्र तारवटलेल्या डोळ्यांनी सोप्यावर. हातात पुस्तक, बोट पुठ्ठ्यावरच्या गुळाच्या हिशेबावर.

"पुढे काय होतं?"

भावोजी म्हणाले, समर्थ येतात, दुसरं काय. नवरा म्हणाला, छे, समर्थ त्यात नाहीतच, तो वळून बघतो आणि दारात त्याची स्वतःचीच बायको असते. भावोजी म्हणाले, बायको दुसऱ्या पुस्तकात. धाकटी जाऊ म्हणाली, मला तर आठवतंय सगळे मरतात. तिघांनीही हे पुस्तक याच प्रतीतून वाचलं होतं. वाळवीच्या आधी की नंतर, हे त्यांनाही सांगता येईना. तिघांचेही आवाज चढले होते, आणि लेक प्रत्येकाकडे वळून बघत होता.

"आई, तुला माहीत आहे?"

मी त्याच्या ताटलीत आणखी एक नेवरी ठेवली आणि चहाचं बघायला आत गेले.