उठा, इथे कुणीतरी झोपलंय

हवाईतल्या काउआई बेटावर आम्ही चार दिवस होतो. तीन पावसात गेले. ‘समुद्र दिसणारी खोली’ म्हणून मिळालेल्या खोलीतून पार्किंग दिसत होतं. असो.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. पोइपूच्या किनाऱ्यावर चटई अंथरून जरा टेकतेय, तोच टोपीवाल्या एक आजी आल्या, म्हणाल्या, उठा आणि लांब बसा. अशी चिडले मी! आजी शांतपणे दोरी बांधत होत्या. मला जो काळा दगड वाटला होता, त्याच्याभोवती. आणि दगडाने फस्स करून श्वास सोडला.

हवाईयन मंक सील, समुद्रातला सस्तन प्राणी. चिमटीत धरल्यासारख्या नाकपुड्या मिटलेल्या, बऱ्याच वेळाने उघडायच्या. डोळ्यांतून पाणी, त्याला वाळू चिकटलेली. पोटाची लव शेवाळून हिरवट. मानेवर मात्र गोल, बिनकेसांचा वळ.

“जाळ्याचा,” आजी म्हणाल्या.

जगात हे सगळे मिळून सुमारे १६००. बहुतेक वायव्येकडच्या ओसाड बेटांवर, मिडवे बेटांच्या दिशेने. तिथे मासेमारीला बंदी, तरी जाळी येतातच. पॅसिफिकमध्ये कुठेतरी तुटलेली, टाकलेली, प्रवाहाबरोबर वाहत. आई जेमतेम सहा आठवडे दूध पाजते आणि निघून जाते. मग पिल्लू एकटंच खाणं शोधत हिंडतं, दिसेल त्यात तोंड घालतं. अडकतात ती जास्त करून ही पोरंच.

आणि मग आजी म्हणाल्या, “एल निनोच्या वर्षी जास्त.”

मी कान टवकारले. आमच्याकडे एल निनो म्हटलं की पाऊस ओढ देणार का, हीच धास्ती. इथे उलटंच. त्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या थंड, सकस पाण्याची कड खाली सरकते, बेटांजवळ खाणं वाढतं, पुढच्या एक-दोन वर्षांत पिल्लं जास्त जगतात. पण कचरा गोळा करणारा प्रवाहांचा पट्टाही तेव्हाच खाली सरकतो. म्हणजे मासळी आणि जाळी एकाच वाऱ्यावर.

ह्यांनी मध्येच आजींना विचारलं, “हा उठणार कधी?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी म्हणाल्या, त्याची मर्जी.

तो उठला नाही. ५० फूट लांब बसून दोन तास आम्ही त्याची झोप बघितली. एकदा कूस बदलली, तेवढंच. फोटो सुनेला पाठवला. लगेच उत्तर आलं : आई, दगडाचा फोटो का?