७५ केबीच्या वर, ५०० केबीच्या आत

एका ऑनलाइन अर्जाला सातबारा, आधार आणि बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान जोडायचं होतं. तिन्ही मिळून एकच पीडीएफ, किमान ७५ केबी, कमाल ५०० केबी. सांगलीत अशी कामं झेरॉक्सच्या दुकानात होतात. "व्हॉट्सअ‍ॅपला टाका की," म्हणतात, आपण टाकतो, काम दहा मिनिटांत होतं आणि आपलं आधार त्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये पडून राहतं, शेजारी निम्म्या विश्रामबागेची आधार. हेतू वाईट नसतो, पण पुसत बसायला वेळ कुणाला आहे? म्हणून घरीच करायचं ठरवलं: ब्राउझरमध्ये, फुकट, आणि फाइल कुठेही न पाठवता. पानं जोडणं, फिरवणं, क्रम लावणं यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते केबीपाशी, आणि तिथे दोन संध्याकाळी गेल्या.

आधी साधन निवडण्याबद्दल. फुकट साधनांच्या दोन जाती आहेत. एकीत आपली फाइल त्यांच्या सर्व्हरवर जाते आणि तयार होऊन परत येते. आयलव्हपीडीएफ, स्मॉलपीडीएफ ही त्यातली प्रसिद्ध नावं. ठरावीक वेळाने फाइल पुसतो असं ते सांगतात, पण पुसली का ते आपल्याला बघता येत नाही. दुसऱ्या जातीत वेबपानाबरोबर प्रोग्रामच आपल्या ब्राउझरमध्ये उतरतो आणि काम आपल्याच मशीनवर होतं. बेंटोपीडीएफ या जातीचं, सोर्स कोडही खुला. स्टर्लिंग पीडीएफ खुलं आहे, चांगलंही आहे, पण त्याचं बहुतेक काम ते जिथे बसवलंय त्या सर्व्हरवर होतं. स्वतःच्या मशीनवर बसवलं तर उत्तम. भलत्याच कुणी चालवलेल्या पत्त्यावर गेलात तर फाइल त्याच्याकडे.

"तुमची फाइल आमच्याकडे येत नाही" या वाक्यावर विसंबू नका, तपासा. इन्कॉग्निटो खिडकीत ते पान उघडा आणि एखादी बिनमहत्त्वाची पीडीएफ एकदा चालवून बघा, कारण काही साधनं प्रोग्रामचा उरलेला भाग पहिल्या वापराच्या वेळी उतरवतात. मग वायफाय बंद. फोनवर असाल तर विमान मोड. आता खरी फाइल द्या. काम झालं तर ते तुमच्याच मशीनवर झालं. नेट पुन्हा चालू करण्याआधी ती खिडकी बंद करा. कॉम्प्युटरवर एफ १२ दाबून नेटवर्क टॅबही बघता येतो: ३ एमबीची फाइल दिल्यावर तेवढ्याच वजनाची विनंती बाहेर जाताना दिसली, तर ते साधन सोडून द्यायचं. स्कॅनमधला मराठी मजकूर ओळखणारी साधनं मात्र पहिल्यांदा मराठीची भाषा-फाइल उतरवतात. ती उतरेपर्यंत नेट लागतं, त्यावरून त्यांना खोटं ठरवू नका.

आता केबी. जोडलेली फाइल भरली ६.८ एमबी. आकार कमी करायला 'कमी, मध्यम, जास्त' अशा तीन पायऱ्या. मध्यमवर १.३ एमबी. जास्तवर २१२ केबी, पण पासबुकातला आयएफएससी कोड असा धुरकट की ८ आणि बी सारखेच. मग पासबुक आणि आधार नुसत्या काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं, सगळं मिळून ४१ केबी. पोर्टलचं उत्तर दोन्ही टोकांना एकच: "फाइलचा आकार योग्य नाही." लहान आहे की मोठी, एवढा एक शब्द घालायला काय जातं? आणि प्रत्येक नकारानंतर कॅप्चा नव्याने.

हे का होतं ते कळल्यावर प्रश्न सुटला. पीडीएफचं वजन फोटोंचं असतं, मजकुराचं नाही. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके, तीन-चार एमबी सहज. डाउनलोड केलेला सातबारा मुळात मजकूर, म्हणून हलका. आकार कमी करणारी काही साधनं प्रत्येक पानाचा फोटो काढून तो दाबतात, त्यामुळे हलकं पान उलट जड होतं आणि त्यातली अक्षरं निवडताही येत नाहीत. तेव्हा जोडलेली पीडीएफ दाबायचीच नाही. फोटो आधी बारीक करायचे आणि मग जोडायचं.

ए४ पानाला १५० डीपीआयने, म्हणजे इंचाला १५० ठिपके धरून, १२४० बाय १७५४ ठिपके पुरतात, पासबुकाचं पान तर त्याहून लहान. यासाठी स्क्वूश वापरलं. गूगलच्या क्रोम टीमचं आहे, फोटो ब्राउझरमध्येच हाताळतं. रुंदी १२४०, प्रकार मोझजेपेग (साधी जेपेगच, जास्त दाबलेली), दर्जा ६० ते ६५, प्रगत सेटिंगमध्ये चॅनेल ग्रेस्केल, म्हणजे रंग जाऊन नुसत्या करड्या छटा. पट्टी सरकवताच नवा आकार केबीत दिसतो, अंदाज बांधावा लागत नाही. एका फोटोला १२० ते १५० केबी धरा.

त्याआधी गॅलरीत फोटो कडेपर्यंत कापा. खाली फुलाफुलांची चादर असेल तर निम्मे केबी फुलांवर जातात. फ्लॅश नको, लॅमिनेशन चमकतं. दिवसा खिडकीशी काढा.

एकूण बेरीज ४५० केबीच्या आसपास ठेवा. कुणी १००० बाइटचा केबी धरतं, कुणी १०२४ चा. विंडोजला ४९५ केबी दिसणारी फाइल म्हणजे ५,०६,८८० बाइट. हजाराने मोजणाऱ्या पोर्टलला ती जवळजवळ ५०७ केबी.

ई-आधारला, म्हणजे डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफला, पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. कुलूप लावलेली फाइल पोर्टल घेत नाही. क्रोममध्ये पासवर्ड देऊन उघडा, प्रिंट, 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ', कुलूप गेलं. यालाही नेट लागत नाही. तिथेच पान क्रमांक देऊन नको असलेली पानं गाळता येतात. मात्र असं केल्यावर डिजिटल सही तपासता येत नाही. १५ रुपये भरून घेतलेला डिजिटल सहीचा सातबारा दुसऱ्या पानांना जोडला की त्याचीही तीच गत. पानावर छापलेला पडताळणी क्रमांक तेवढा उरतो. सातबारा वेगळा मागितला असेल तर हात न लावता मूळ फाइलच द्या.

पूर्ण क्रमांकाचा आग्रह नसेल तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या. आपण होऊन काळी पट्टी ओढू नका, मजकुराच्या पीडीएफमध्ये पट्टीखालचे अंक निवडून कॉपी होतात. ओढलीच तर त्या पानाचं चित्र करून मग जोडा.

फाइलच्या नावात कंस, मोकळी जागा, मराठी अक्षरं नकोत. दुसऱ्यांदा डाउनलोड केल्यावर नावापुढे कंसात १ लागतो, तेवढ्यानेही एकदा नकार आला. अर्थात उत्तर तेच, आकार योग्य नाही.

४३८ केबीला स्वीकारली. अर्ज मिळाल्याची एक पानी पावती लगेच डाउनलोड झाली, २.१ एमबीची.